जाळीतला भार

प्रस्तावना

जुन्या घरांत आढ्याला शिंके टांगलेले असे. दह्यादुधाची, लोण्याची मडकी मांजरापासून सुरक्षित राहावीत, म्हणून ती दोराच्या त्या लहानशा जाळीत ठेवली जात. शिंके तुटले, तर फार तर एखादे मडके फुटे आणि बोक्याची चंगळ होई. ‘शिंक्याचे तुटले, बोक्याचे पिकले’ ही म्हण त्यातूनच आली. आता कल्पना करा, की हेच शिंके चार मीटर लांबरुंद झाले, त्यात मडक्याऐवजी हजार किलो वजनाची पोती आली आणि आढ्याऐवजी ते यारीच्या आकड्याला लटकून माणसांच्या डोक्यांवरून फिरू लागले. मग त्याच्या एकेका दोराला किती महत्त्व येईल? बंदरात जहाजावर माल चढवण्यासाठी आणि उतरवण्यासाठी अशी जाळी वापरली जाते. तिची रचना, तिच्यावर येणारा ताण आणि ती वापरताना घ्यायची काळजी या पाठात समजून घेऊ या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर दोराच्या जाळीच्या भागांची नावे आणि कामे तुम्हांला सांगता येतील. जाळीच्या दोरांवर किती ताण येतो याचा साधा हिशेब करता येईल. माहितीपर लेखातील मुख्य मुद्दा आणि त्याला पूरक असलेला तपशील वेगळा काढता येईल. आणि अकर्मक व सकर्मक क्रियापदांमुळे वाक्याच्या अर्थात पडणारा फरक ओळखता येईल. तुमच्यापैकी काही जण स्वतः हमाली, माथाडी किंवा बांधकामाचे काम करत असतील. त्यांनी आपला अनुभव या माहितीशी ताडून पाहावा.

मूळ पाठ

(१)

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या गोद्या उभ्या राहू लागल्या. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक सुरू झाला. पुढे या दुसऱ्या गोदीला इंदिरा डॉक हे नाव मिळाले. कापसाच्या गासड्या, धान्याची पोती, साखर, लाकडी खोकी, पिंपे असा सुटा माल या गोद्यांतून येत-जात असे. सुटा म्हणजे एकेक नग मोजून, उचलून हलवावा लागणारा माल. जहाजाच्या पोटातील मालखणात, म्हणजे होल्डमध्ये, कामगारांची एक टोळी उतरे आणि धक्क्यावर दुसरी टोळी उभी राही. या दोन टोळ्यांच्या मध्ये, वरच्या मोकळ्या हवेतून माल झुलत जाई. होल्डमध्ये भरलेली जाळी यारीने वर ओढायची, जहाजाच्या कठड्यावरून बाहेर काढायची आणि धक्क्यावर अलगद टेकवायची, हेच काम दिवसभर चाले.

या कामात सर्वांत धोक्याची जागा भाराच्या खालची. वर हजार किलो वजन लोंबकळत असताना त्याच्या खाली उभा असलेला माणूस एका दोराच्या भरवशावर जगत असतो. होल्डमधल्या टोळीची अडचण तर आणखी मोठी. धक्क्यावरचा माणूस चार पावले मागे सरू शकतो. होल्डमध्ये मात्र चहूबाजूंनी माल रचलेला आणि वर उघडे चौकोनी तोंड. त्याच तोंडातून भार ये-जा करतो. पोते निसटले, तर पळायला जागा थोडीच असते.

१९५६ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत ‘आयडियल एक्स’ या जहाजातून ५८ कंटेनर नेण्यात आले आणि मालवाहतुकीला नवे वळण लागले. शेकडो नग एका पोलादी पेटीत बंद झाले. पेटी यारीने एकदाच उचलायची. मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, तेव्हा कंटेनरची बरीच वाहतूक तिकडे वळली. त्यामुळे दोराच्या जाळीचे काम कमी झाले, पण संपले नाही. जहाजावरील खलाशांचा शिधा, सुटे भाग, लहान गाठोडी आजही जाळीतून चढतात. जिथे मोठी यंत्रे नाहीत अशा लहान बंदरांत ती हाताशी असते. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली टांगूनही जाळीतून सामान नेले जाते. घडी घालून कोपऱ्यात ठेवता येते, कोणत्याही आकाराच्या नगांना कवेत घेते आणि किमतीनेही फारशी जड नाही, असे साधन सहजासहजी टाकून दिले जात नाही.

पाठगत प्रश्न १

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘सुटा माल’ म्हणजे काय?
(आ) होल्डमधील टोळीला धक्क्यावरील टोळीपेक्षा अधिक धोका का असतो?
(इ) कंटेनर आल्यानंतरही जाळी का टिकून राहिली?

(२)

जाळी समजून घ्यायची, तर आधी दोर समजून घेतला पाहिजे. दोर तंतूंचा असतो, पण तंतू नुसते एकत्र बांधून दोर होत नाही. तंतूंना एका दिशेने पीळ दिला की सूत होते. अनेक सुते एकत्र घेऊन त्यांना उलट्या दिशेने पीळ दिला की पेड तयार होतो. असे तीन पेड पुन्हा पहिल्या दिशेने वळले की दोर होतो. प्रत्येक पीळ आधीच्या पिळाच्या विरुद्ध असल्यामुळे एक पीळ उलगडू पाहतो, तर दुसरा त्याला घट्ट धरून ठेवतो. दोराचे सारे बळ या परस्परविरोधात आहे. गावाकडे अंबाडीचा दोर वळताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

बंदरातील जाळ्यांसाठी पूर्वी मनिला आणि सिसल हे दोर विशेष वापरात होते. मनिला दोर हा फिलिपाइन्समधील अबाका नावाच्या, केळीच्या कुळातील झाडाच्या तंतूंपासून होतो. तो मनिला बंदरातून जगभर जाई, म्हणून त्याला बंदराचेच नाव मिळाले. सिसल हा घायपाताच्या जातीतील वनस्पतीचा तंतू. मेक्सिकोतील सिसल या बंदरातून त्याची निर्यात होत असे, म्हणून तेच नाव त्याला चिकटले. जहाजावर माल चढवणाऱ्या दोन दोरांची नावे दोन बंदरांवरून पडावीत, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. केरळात नारळाच्या काथ्यापासून होणारा दोर, म्हणजे आपला सुंभ, खाऱ्या पाण्यात चांगला टिकतो. पण त्याची ताकद मनिलापेक्षा बरीच कमी असते. अवजड माल उचलण्यासाठी त्याच्यावर भिस्त ठेवत नाहीत.

अलीकडे कृत्रिम तंतूंचे दोर अधिक दिसतात. नायलॉनचा दोर बळकट आणि ताणला जाणारा असतो, त्यामुळे तो हिसका सोसतो. मात्र तो पाणी शोषतो आणि ओला झाला की त्याची ताकद काहीशी घटते. पॉलिप्रॉपिलीनचा दोर हलका असतो, पाण्यावर तरंगतो, कुजत नाही. परंतु कडक उन्हात महिनोन्महिने पडून राहिला, तर सूर्यप्रकाशाने ठिसूळ होतो. नैसर्गिक तंतूंचे उलट आहे. त्यांना उन्हापेक्षा ओलीची भीती अधिक. ओली जाळी तशीच गुंडाळून कोठारात टाकली, की ती आतून कुजते. अम्लाचा शिडकावा नैसर्गिक तंतूंना आणि नायलॉनला, दोघांनाही मारक ठरतो. दोर कोणता आहे, यावर त्याचा शत्रू ठरतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

आता जाळीची घडण पाहू. चौरस जाळीच्या चारही बाजूंना जाड दोर असतो. त्याला काठाचा दोर म्हणू. काठाच्या आत त्याहून बारीक दोरांची चौकटी वीण असते. वीण आणि काठ जिथे मिळतात तिथे, तसेच दोन दोर एकमेकांना छेदतात तिथे, दोर सरकू नयेत असा पक्का सांधा केलेला असतो. चारही कोपऱ्यांना दोराचे मोठे फास काढलेले असतात. या फासांना आपण जाळीचे कान म्हणू. कानाच्या आतल्या बाजूला पुष्कळदा धातूचे खोबणीदार कडे बसवतात, म्हणजे आकड्यावर घासून दोर झिजत नाही. माल वीण सांभाळते. विणीचा भार काठ घेतो. काठाचा भार कानांवर येतो आणि कानांचा आकड्यावर. या साखळीत सर्वांत दुबळा दुवा जो असेल, तेवढीच त्या जाळीची ताकद.

कान काढताना दोराला नुसती गाठ मारत नाहीत. दोराचे पेड उकलून ते दोराच्याच अंगात पुन्हा गुंफतात. गाठ मारली, की दोर त्या ठिकाणी फार कमी जागेत वळतो, बाहेरचे तंतू अति ताणले जातात आणि आतले नुसते दबतात; परिणामी दोराची जवळजवळ निम्मी ताकद गाठीत जाते. गुंफणीत मात्र ती बहुतांशी टिकते. म्हणून तुटलेली जाळी गाठ मारून ‘तात्पुरती’ चालवणे हा निष्काळजीपणा आहे. दिसायला गाठ दोरापेक्षा जाड, म्हणून अधिक मजबूत वाटते. तीच फसगत आहे.

पाठगत प्रश्न २

(अ) कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (काठ, पेड, ठिसूळ)
तीन ......... एकत्र वळून दोर होतो. उन्हात राहिलेला पॉलिप्रॉपिलीनचा दोर ......... होतो. विणीचा भार ......... घेतो.
(आ) गाठीपेक्षा गुंफण चांगली का, ते दोन-तीन वाक्यांत लिहा.

(३)

हा भाग थोडा गणिताचा आहे. घाई न करता वाचा. हाताशी कागद-पेन्सिल घ्या.

समजा, जाळीत ५० किलोची २० पोती आहेत. एकूण भार १००० किलो. चार कान आकड्यात अडकवले आहेत, म्हणजे प्रत्येक कानावर २५० किलो, असे आपण सहज म्हणू. हे उत्तर खरे ठरेल ते चारही दोर सरळ उभे असतील तेव्हाच. प्रत्यक्षात ते तिरके असतात. तिरका दोर भार वर तर ओढतोच, शिवाय आडवाही ओढतो. त्या आडव्या ओढीचे ओझेही त्यालाच सोसावे लागते.

किती, ते काढण्याची एक सोपी रीत आहे. भाराच्या खांद्यापासून, म्हणजे जिथून दोर मालाला सोडून मोकळा होतो तिथपासून, आकड्यापर्यंत दोराची लांबी मोजा. मग त्याच खांद्याच्या पातळीपासून आकड्यापर्यंतची सरळ उभी उंची मोजा. लांबीला उंचीने भागा आणि जो आकडा येईल, त्याने २५० ला गुणा. समजा, दोराची लांबी २ मीटर आहे आणि उंची सुमारे १.७३ मीटर. भागाकार १.१५ च्या आसपास येतो, म्हणजे प्रत्येक दोरावर साधारण २९० किलोंचा ताण. इथपर्यंत काळजी नाही. उंची १ मीटरच असेल, तर भागाकार २ आणि ताण ५०० किलो. उंची अर्धा मीटर उरली, तर भागाकार ४. आता एकेका दोरावर १००० किलोंचा ताण आहे! माल तोच, पोती तीच २०, पण एकटा दोर सगळ्या जाळीइतका भार सोसतो आहे.

उंची कमी का होते? जाळी लहान असते आणि माल जास्त भरला जातो, तेव्हा. कान एकमेकांपर्यंत कसेबसे पोहोचतात, दोर जवळजवळ आडवे पसरतात. बघणाऱ्याला वाटते, ‘चार पोती जास्त टाकली, एवढेच.’ पण चार पोत्यांनी भार एक पंचमांशाने वाढला आणि दोर आडवे झाल्यामुळे ताण कित्येक पटींनी वाढला. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर मी ही सांगेन. ओव्हरलोड म्हणजे केवळ वजन वाढणे, असा सर्वसाधारण समज आहे. जाळीच्या बाबतीत आकाराचा वाटाही तेवढाच असतो.

आणखी दोन गोष्टी या हिशेबाबाहेर राहिल्या. पहिली, चार कान भार समसमान वाटून घेत नाहीत. माल एका बाजूला कलला, की दोन दोर ताठ होतात आणि उरलेले दोन सैल पडतात. म्हणून जाणकार लोक सगळा भार दोनच दोरांवर येईल असे धरून चालतात. दुसरी गोष्ट म्हणजे हिसका. दोर आधी हळूहळू ताठ करून मग भार उचलला, तर ताण वजनाइतका राहतो. तेच वजन एकदम दोरावर सोडले, तर क्षणभर ताण वजनाच्या दुप्पट होतो. आणि भार थोडा खाली पडून मग दोराने अडवला, तर त्याहूनही अधिक. यारी चालवणाऱ्याचा हात किती हलका आहे, यावर खालच्यांचे प्राण अवलंबून असतात, ते यामुळेच.

या सर्व अनिश्चिततेसाठी दोराच्या तुटण्याच्या मर्यादेपेक्षा पुष्कळच कमी भार उचलायचा, असा दंडक आहे. त्या भाराला ‘सुरक्षित कार्यभार’ म्हणतात आणि तो जाळीवर स्पष्ट लिहिलेला असावा लागतो. जाळी त्याच्या कितीतरी पट वजन पेलू शकते, हे खरे आहे. म्हणूनच ‘मागच्या वेळी जास्त भरले होते, काही झाले नाही’ हे वाक्य गोदीत वारंवार ऐकू येते. काही झाले नाही, कारण ती जादा ताकद खर्ची पडली. ती झिजलेल्या दोरासाठी, कललेल्या मालासाठी, अचानक बसणाऱ्या हिसक्यासाठी राखून ठेवलेली होती.

पाठगत प्रश्न ३

एका जाळीत ८०० किलो माल आहे. दोराची लांबी १.५ मीटर आणि उभी उंची ०.७५ मीटर आहे. चारही दोर भार सारखा घेतात असे मानून प्रत्येक दोरावरील ताण काढा. मग सगळा भार समोरासमोरच्या दोनच दोरांवर आला, तर तो किती होईल, तेही काढा.

(४)

काम सुरू होण्यापूर्वी जाळी जमिनीवर पूर्ण पसरून पाहावी लागते. गुंडाळलेल्या जाळीची पाहणी म्हणजे मिटलेल्या पुस्तकाचे वाचन. तुटलेले दोर तर कोणालाही दिसतात; खरी पारख आतल्या बिघाडाची असते. त्यासाठी दोराचा पीळ दोन्ही हातांनी किंचित उलगडून पेडांच्या आत पाहतात. आतून भुकटी पडत असेल, तंतू काळवंडले असतील, कुबट वास येत असेल, तर तो दोर बाहेरून कितीही धडधाकट दिसला तरी बाद. काठ आणि कान यांची तपासणी सर्वांत बारकाईने करावी, कारण झीज तिथे अधिक होते. कृत्रिम दोरावर वितळल्यासारखा चकाकता, कडक डाग दिसला, तर तो घर्षणाच्या उष्णतेचा असण्याची शक्यता असते. बाद जाळी नुसती बाजूला टाकून भागत नाही. घाईच्या वेळी कोणीतरी तीच उचलतो. ती कापून टाकावी.

माल भरताना जड नग खाली आणि मध्यभागी ठेवतात. पोती विटांच्या बांधकामासारखी, सांध्यावर सांधा न येईल अशी रचतात, म्हणजे उचलताना ती एकमेकांना धरून राहतात. विणीच्या चौकटीपेक्षा लहान नग असेल, तर तो निसटून पडणार हे उघड आहे. अशा वेळी खाली ताडपत्री किंवा फळ्या घालतात. धारदार कोपऱ्यांची खोकी जाळीत घालू नयेत. पोती ओढण्याचा हातातला आकडा जाळीच्या दोरात रुतवू नये. चारही कान यारीच्या आकड्यात नीट बसले आणि आकड्याची खिट्टी लागली, की भार प्रथम वीतभर उचलून थांबायचे. त्या थांबण्यात सगळे काही दिसते: माल कोणत्या बाजूला झुकतो आहे, कोणता दोर अधिक ताणला आहे, कुठले पोते निसटू पाहते आहे. काही चुकले असेल, तर भार वीतभरच खाली येईल. या थांबण्याला पाच-दहा सेकंद लागतात आणि कामाच्या धांदलीत वगळले जाते ते नेमके हेच.

यारीवाल्याला पुष्कळदा होल्डचा तळ दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे होल्डच्या तोंडाशी उभा असलेला इशारा देणारा कामगार. हाताच्या ठरावीक खुणांनी तो ‘उचल’, ‘उतर’, ‘थांब’ सांगतो. इशारा एकानेच द्यायचा आणि यारीवाल्याने त्याचाच मानायचा, हा नियम आहे. याला अपवाद एकच. ‘थांब’ ही खूण कोणीही करावी, अगदी त्या दिवशी कामावर आलेल्या नवख्या मुलानेही, आणि ती कोणीही केली तरी पाळलीच पाहिजे. श्रेणी, वय, हुद्दा हे सारे बाजूला ठेवणारा असा नियम इतर व्यवसायांत क्वचितच आढळेल.

(५)

नियम कागदावर येण्यास मात्र वेळ लागला. गोदीतील अपघातांपासून कामगारांचे संरक्षण व्हावे, म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२९ मध्ये एक करार केला आणि १९३२ मध्ये तो सुधारला. त्याला अनुसरून भारतात १९३४ मध्ये भारतीय गोदी कामगार अधिनियम झाला. परंतु त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी १९४८ मध्ये सुरू झाली. मधली चौदा वर्षे कायदा पुस्तकात होता आणि भार माणसांच्या डोक्यावर. त्याच १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा आणखी एक कायदा झाला. रोज सकाळी दारात उभे राहून काम मिळेल की नाही याची वाट पाहणाऱ्या माणसांना त्याने थोडी निश्चिती दिली. रोजगाराचा आणि सुरक्षिततेचा संबंध इथे ध्यानात घ्यावा. उद्या काम मिळेल की नाही याची खात्री नसलेला माणूस ‘ही जाळी खराब आहे’ असे बोलायला धजत नाही.

१९७९ मध्ये श्रम संघटनेने गोदीकामातील सुरक्षितता आणि आरोग्य यांविषयी नवा करार स्वीकारला. उचलण्याची सुटी साधने प्रथम वापरण्यापूर्वी कसोटीस लावावीत, वर्षातून किमान एकदा त्यांची कसून तपासणी व्हावी आणि वापरापूर्वी ती नियमितपणे पाहिली जावीत, अशा तरतुदी त्यात आहेत. भारतात १९८६ मध्ये गोदी कामगार (सुरक्षितता, आरोग्य व कल्याण) अधिनियम झाला, १९९० मध्ये त्याचे विनियम आले. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामकाजाची स्थिती संहितेत हा १९८६ चा अधिनियम सामावून घेण्यात आला.

कायद्याने जाळी तपासायला सांगितले. वेळ मात्र दिला नाही. जितके टन जास्त, तितका मोबदला जास्त, अशी पद्धत जिथे असते, तिथे वीतभर उचलून थांबण्याचे दहा सेकंद कामगाराला स्वतःच्याच खिशातून द्यावे लागतात. जहाजमालकाला जहाज लवकर सुटायला हवे, कंत्राटदाराला काम लवकर उरकायला हवे, टोळीला चार पैसे जास्त हवेत. घाई सगळ्यांच्या सोयीची आणि धोका मात्र भाराखालच्या माणसाचा, अशी ही वाटणी आहे.

शब्दार्थ

गोदी – जहाजे लावून मालाची चढउतार करण्याची बांधीव जागा. यारी – वजन उचलण्याचे यंत्र, क्रेन. गासडी – दाबून बांधलेला कापसाचा गठ्ठा. पेड – दोराची किंवा वेणीची एक लड. सुंभ – काथ्याची दोरी. आढे – छपराचा मधला उंच वासा. दंडक – पक्का नियम. माथाडी – माथ्यावरून ओझे वाहून नेणारा कामगार.

भाषाभ्यास

दोर आणि दोरी यांनी मराठी भाषेला पुष्कळ शब्द दिले आहेत. बैलाला हाकताना हातात धरतो तो कासरा, गुरे बांधतो ते दावे, नाकातून ओवतो ती वेसण, जाड आणि लांब असते ते चऱ्हाट. कंटाळवाणे, न संपणारे बोलणे यालाही आपण चऱ्हाटच म्हणतो. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. काथ्याची दोरी जळून राख झाली, तरी राखेत पिळाचा आकार दिसत राहतो. वैभव गेले तरी ताठा जात नाही, असा तिचा अर्थ. ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार १६७० मधील कोंढाण्याच्या लढाईच्या कथेशी जोडला जातो. ‘जीव टांगणीला लागणे’ याचा अर्थ या पाठाच्या संदर्भात निराळा सांगण्याची गरज नाही.

आता पुढील तीन वाक्ये वाचा.

दोर तुटला.
टोळीने जाळीत जास्त पोती भरली.
मुकादमाने खराब जाळी वापरायला लावली.

पहिल्या वाक्यातील ‘तुटणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. तिथे कर्म नाही आणि दोर हाच कर्ता आहे. जणू तो आपल्या आपण तुटला. दुसऱ्या वाक्यात ‘भरणे’ हे सकर्मक क्रियापद आहे. कोणी भरली, काय भरले, दोन्ही कळते. तिसऱ्या वाक्यातील ‘वापरायला लावणे’ या प्रयोजक रचनेत करणारा एक आणि करवून घेणारा दुसरा असतो. एकाच अपघाताचे वर्णन या तिन्ही वाक्यांनी होऊ शकते. अपघाताच्या अहवालात बहुधा पहिले वाक्य लिहिलेले आढळते. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. पण त्यात माणूस कुठेच नाही. अहवाल, अर्ज किंवा तक्रार लिहिताना ‘तुटला’, ‘पडले’, ‘झाले’ अशी क्रियापदे आली, की ‘कोणामुळे?’ आणि ‘कशामुळे?’ असे दोन प्रश्न स्वतःला विचारून पाहा. उत्तर माहीत असेल, तर ते वाक्यात यायला हवे.

स्वाध्याय

१. ‘ओव्हरलोड म्हणजे केवळ वजन वाढणे, हा समज अपुरा आहे.’ हे विधान पाठाच्या आधारे आठ ते दहा ओळींत स्पष्ट करा.

२. कायदा १९३४ चा आणि अंमल १९४८ चा. या दोन सालांमधील अंतराविषयी लेखकाने कोणत्या शब्दांत मत मांडले आहे? तुम्हांला ते पटते का? कारण द्या.

३. पुढील वाक्ये सकर्मक क्रियापद वापरून अशी लिहा, की काम कोणी केले ते कळेल: (अ) पोते खाली पडले. (आ) जाळी ओलीच राहिली. (इ) तपासणी झाली नाही.

४. तुमच्या कामाच्या ठिकाणी किंवा परिसरात ओझे उचलण्यासाठी वापरले जाणारे एखादे साधन निवडा: कप्पी, दोर, ट्रॉली, पाटी, काहीही. ते तपासले जाते का, कोण तपासते, खराब झाले तर काय करतात, याची चौकशी करा आणि माहिती दीडशे शब्दांत लिहा. महाराष्ट्राबाहेर राहत असाल, तर त्या साधनाला तिथल्या भाषेत काय म्हणतात, तेही नोंदवा.

५. तुमच्या टोळीला दिलेली जाळी आतून कुजलेली आहे, असे तुमच्या लक्षात आले. ती बदलून मिळावी, म्हणून पर्यवेक्षकांना अर्ज लिहा. अर्जात जाळीतील दोष नेमका कुठे आहे, तो कसा आढळला आणि काम का थांबवले आहे, हे आले पाहिजे.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १: (अ) एकेक नग मोजून, उचलून हलवावा लागणारा माल. (आ) चहूबाजूंनी माल असल्यामुळे होल्डमधील टोळीला बाजूला सरायला जागा नसते. (इ) जाळी घडी घालून ठेवता येते, कोणत्याही आकाराचे नग सामावून घेते आणि तिची किंमत फारशी नसते.

प्रश्न २: (अ) पेड, ठिसूळ, काठ. (आ) गाठीत दोर कमी जागेत वळल्यामुळे काही तंतूंवर अति ताण येतो आणि जवळजवळ निम्मी ताकद जाते. गुंफणीत ती बहुतांशी टिकते.

प्रश्न ३: ८०० भागिले ४ म्हणजे २००, १.५ भागिले ०.७५ म्हणजे २. म्हणून प्रत्येक दोरावर ४०० किलोंचा ताण. भार दोनच दोरांवर आल्यास प्रत्येकी ८०० किलो.